जाखूच्या वाटेवरचे मंडळ

बदलीच्या गावी पहिला महिना सामानसुमान लावण्यात, मुलांच्या शाळाप्रवेशाच्या आणि गॅसजोडणीच्या खटपटीत निघून जातो. खरी परीक्षा होते ती दुसऱ्या महिन्यातल्या एखाद्या रविवारी. सकाळचा चहा होतो, वृत्तपत्र वाचून संपते, आणि आता जायचे कोणाकडे, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. आपले मंडळ अशाच कोण्या रविवारी जन्मास आले असावे. त्याचा इतिहास माझ्याहून जाणती मंडळी लिहितीलच. मला सांगावयाचा आहे तो दुसऱ्याच एका मंडळाचा इतिहास. तेही घरापासून दूर पडलेल्या, बदलीवर आलेल्या सरकारी नोकरांनीच काढलेले होते. त्यांची भाषा इंग्रजी होती, थाट साहेबी होता, आणि गणपती बसवण्याऐवजी त्यांना डोंगर चढावयाचे होते. 'हिमालयन क्लब' हे त्याचे नाव.

माझा त्याच्याशी परिचय झाला तो सिमल्यास. माझी तेथे नेमणूक झाली त्या वर्षी मुलांच्या परीक्षांमुळे कुटुंब मागेच राहिले होते. संध्याकाळी करण्याजोगा एकच उद्योग, तो म्हणजे चालणे. गावाच्या माथ्यावर जाखू नावाचा सुमारे ८,००० फूट उंचीचा डोंगर आहे. शिखरावर मारुतीचे देऊळ, भोवती देवदारांची राई, आणि भाविकांच्या हातातला प्रसाद व नाकावरचा चष्मा हिसकावण्यात तरबेज झालेली वानरसेना. या डोंगराला वळसा घालून एक वाट जाते. तिच्यावरून मी आणि माझे एक तमिळभाषी सहकारी रोज फिरत असू. त्यांनीच एकदा 'हिमालयन जर्नल'चा एक जुना खंड माझ्या हाती ठेवला आणि म्हणाले, "आपण ज्या वाटेवर कचेरीची गाऱ्हाणी सांगत फिरतो, त्याच वाटेवर दोन अधिकाऱ्यांनी एक संस्था काढली. आपण काय काढले?"

ते दोन अधिकारी म्हणजे ज्यॉफ्री कॉर्बेट आणि केनेथ मेसन. कॉर्बेट हे नाव वाचताच पुष्कळांना कुमाऊंचे शिकारी जिम कॉर्बेट आठवतील. ते हे नव्हेत. हे कॉर्बेट आय. सी. एस., हिंदुस्थान सरकारच्या वाणिज्य खात्याचे सचिव. मेसन हे सैन्यातील इंजिनिअर. ते सर्व्हे ऑफ इंडियात नोकरीस होते आणि १९२६ साली काराकोरमपलीकडील शक्सगाम खोऱ्याची पाहणी करून परतले होते. १९२७ साली जाखूच्या मागील बाजूच्या वाटेवर या दोघांचे बोलणे झाले आणि क्लब काढावयाचा असे ठरले. पुढे जर्नलच्या पहिल्या खंडात कॉर्बेट यांनी ही स्थापनेची हकीकत मोठ्या आत्मीयतेने लिहिली. एरव्ही सरकारी टिपणे लिहिणाऱ्या माणसाची लेखणी तेथे एकदम मोकळी झालेली दिसते.

कल्पना वस्तुतः जुनीच होती. लंडनमध्ये १८५७ च्या डिसेंबरात 'आल्पाइन क्लब' स्थापन झाला होता. ज्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात इंग्रजी सत्ता मुळापासून हादरली, त्याच वर्षी लंडनच्या एका हॉटेलात काही गृहस्थ पर्वतारोहणाची संस्था काढण्यात मग्न होते, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याला मौजेचा वाटल्यावाचून राहत नाही. पुढे १८६६ साली काश्मीर दरबारच्या चाकरीतील भूवैज्ञानिक फ्रेडरिक ड्रू व सर्वेक्षण खात्याचे जॉन्सन यांनी हिमालयासाठी असाच क्लब असावा, अशी सूचना बंगालच्या एशियाटिक सोसायटीकडे केली. १८८४ साली डग्लस फ्रेशफील्ड यांनी ती पुन्हा मांडली. दोन्ही वेळा काहीच निष्पन्न झाले नाही.

मग १९२७ मध्येच ती का फळाला यावी? माझ्या मते त्याला दोन कारणे झाली. पहिले दळणवळणाचे. दार्जिलिंगला आगगाडी १८८१ मध्ये पोहोचली, सिमल्यास १९०३ मध्ये. पूर्वी पहाडाच्या पायथ्याशी पोहोचण्यातच जी रजा खर्ची पडे, ती आता प्रत्यक्ष पहाडात घालविता येऊ लागली. शिवाय १९२१, १९२२ व १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांनी आणि त्यांतील शेवटच्या मोहिमेत मॅलरी व अर्व्हिन हे शिखराजवळ नाहीसे झाल्याने हिमालय हा घरोघरचा विषय झाला होता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते कोणाही बदलीवाल्याला सांगावे लागणार नाही. हिमालयात हिंडलेले अधिकारी थोडेथोडके नव्हते. कोणी वनखात्यात, कोणी पलटणीत, कोणी सर्वेक्षणात. प्रत्येकाला आपापल्या खोऱ्याची माहिती तोंडपाठ असे. कोणती खिंड जूनमध्ये उघडते, कोणत्या गावी पीठ मिळते, कोठला पूल दरसाल वाहून जातो. पण तो निवृत्त होऊन बोटीत बसला की ती सारी माहिती त्याच्याबरोबर जाई, आणि त्याच्या जागी आलेला तरुण पुन्हा पहिल्यापासून चुका करीत असे. आल्प्समध्ये गावोगाव वाटाडे होते, विश्रांतिगृहे होती, मार्गदर्शक पुस्तके होती. येथे माणूस एकटा पडे. या एकटेपणावर उपाय म्हणून क्लब हवा होता. सोबती मिळावा, आणि गेलेल्या माणसाचे ज्ञान मागे राहावे, एवढी त्याची साधी गरज होती.

१७ फेब्रुवारी १९२८ रोजी दिल्लीत सरसेनापती फील्डमार्शल सर विल्यम बर्डवुड यांच्या लष्करी मुख्यालयातील दालनात स्थापनेची सभा भरली. बर्डवुड पहिले अध्यक्ष झाले, कॉर्बेट चिटणीस. कोणतीही संस्था काढताना एक वजनदार अध्यक्ष व एक राबणारा चिटणीस लागतो, हे सूत्र त्यांनाही ठाऊक होते. इकडे कलकत्त्यात १९२७ सालीच 'माउंटन क्लब ऑफ इंडिया' नावाची संस्था निघाली होती. एकाच कामासाठी दोन संस्था असल्या की काय होते, हे आपण मराठी माणसांना वेगळे सांगायला नको. तथापि येथे शहाणपणाने १९२८ च्या अखेरीस दोहोंचे विलीनीकरण झाले. याबद्दल मला त्या मंडळींचा खरोखर हेवा वाटतो.

क्लबचे काम चालत असे ते मुख्यतः पत्रांवर. ठिकठिकाणी त्याचे स्थानिक चिटणीस नेमलेले असत. एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याला महिन्याची रजा मिळाली की तो जवळच्या चिटणीसाला पत्र टाकी. उत्तरात त्याला मुक्कामाचे टप्पे, हमालांचे दर, सीमेलगतच्या मुलखात जाण्यासाठी लागणारे परवाने यांची माहिती मिळे. तंबू-दोर उसने मिळण्याची सोय कळे. आणि त्याच सुमारास त्याच बाजूस जाऊ इच्छिणाऱ्या दुसऱ्या कोणाचे नाव-गावही कळे. वाट संपली की त्याने एकच परतफेड करावयाची, ती म्हणजे आपण काय पाहिले ते लिहून पाठवावयाचे. ते लेख 'हिमालयन जर्नल'मध्ये येत. १९२९ ते १९४० अशी बारा वर्षे मेसन यांनी त्याचे वार्षिक खंड संपादित केले; १९३२ साली ते ऑक्सफर्डला भूगोलाचे प्राध्यापक झाल्यावरही तेथून हे काम चालूच ठेवले. जर्नल चाळताना शिखरांच्या वर्णनांपेक्षा मला मृत सभासदांवरील लेखच अधिक वाचनीय वाटले. त्यांत माणसाचे हुद्दे थोडक्यात आटोपतात आणि तो तंबूत कसा वागे, पावसात अडकल्यावर कुरकुरे की गाणी म्हणे, हे मात्र विस्ताराने येते.

या मैत्रीचा पहिला मोठा कस लागला तो दार्जिलिंगला. १९२९ साली म्युनिकचे पाउल बाउअर आठ सोबत्यांसह कांचनजंगेवर जाण्यासाठी तेथे आले. पहिले महायुद्ध संपून पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती. जर्मन आणि इंग्रज, एकमेकांवर बंदुका रोखलेली हीच पिढी. तरी क्लबने त्यांची सारी व्यवस्था अंगावर घेतली. लेफ्टनंट कर्नल टोबिन आणि बंगालच्या वनखात्यातील अधिकारी शेबिअर हे दोघे सामानसुमान व हमाल यांची जबाबदारी घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. शेबिअर यांनी १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही हेच काम केले होते. ज्याच्या नावावर एकही शिखर लागत नाही, पण ज्याच्यावाचून कोणाचेच शिखर होत नाही, अशा जातीचा हा माणूस. सुमारे ७,४०० मीटरपर्यंत पोहोचल्यावर वादळाने मोहिमेला मागे लोटले. परतीची वाट भयंकर होती, पण सारे जिवंत उतरले.

आता क्लबच्या इतिहासातील त्या भागाकडे येतो, ज्याविषयी त्याच्या अभिमान्यांना सांगताना जरा अडखळायला होते. वर ज्या हमालांचा उल्लेख आला ते बहुतेक शेर्पा. नेपाळातील सोलुखुंबूचे हे लोक कामाच्या शोधात डोंगर ओलांडून दार्जिलिंगला येत आणि तुंगसुंग नावाच्या वस्तीत दाटीवाटीने राहत. म्हणजे तेही आपल्यासारखेच पोटासाठी गाव सोडलेले. क्लबच्या दार्जिलिंग शाखेने त्यांची नोंदपुस्तके ठेवली. प्रत्येकाला एक वही दिली जाई. मोहिमेच्या नेत्याने तीत त्याच्या कामाविषयी शेरा लिहावयाचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी श्रीमती जोन टाउनएंड व नंतर श्रीमती जिल हेंडरसन यांनी हे काम मोठ्या निष्ठेने सांभाळले. अमुक मोहिमेला कोण द्यावा, कोणाची मजुरी राहिली, कोण जखमी होऊन परतला, हे सारे त्यांच्या टेबलावर येई. अत्युच्च पातळीवर उत्तम काम करणाऱ्यांना १९३८-३९ च्या सुमारास 'टायगर' ही पदवी व बिल्ला देण्याची प्रथा पडली.

ही व्यवस्था नसती तर शेर्पांची अधिक लूट झाली असती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शेऱ्याची वही ही शेवटी मालकाच्या हातची वही. तेन्झिंग नोर्गे यांनी आपल्या आत्मकथनात याविषयी सांगितलेली हकीकत वाचण्यासारखी आहे. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी ते भरतीला गेले, तेव्हा शहरात राहून त्यांनी केस कापले होते, कपडे बदलले होते. साहेबांना वाटले हा शेर्पा नव्हेच, आणि त्यांना परत पाठविण्यात आले. नव्या गावात रुळण्याची अशीही किंमत मोजावी लागते! १९३५ साली ते पुन्हा रांगेत उभे राहिले. हाती शिफारशीची वही नव्हती. नेते एरिक शिप्टन यांनी पुढे लिहिले त्याप्रमाणे त्यांची निवड झाली ती त्यांच्या प्रसन्न हसण्यामुळे. एव्हरेस्टच्या पहिल्या यशाच्या कथेतला एवढा मोठा दुवा एका हास्यावर लोंबकळत होता.

आणि वहीत न मावणारेही पुष्कळ होते. १९३४ साली नंगा पर्वतावर वादळात विली मेर्कल यांच्यासह तीन जर्मन गिर्यारोहक व सहा शेर्पा मरण पावले. गायले नावाचा शेर्पा खाली उतरू शकत असताही आपल्या थकलेल्या नेत्यापाशी राहिला आणि तेथेच गेला. १९३७ मध्ये त्याच पर्वतावर हिमलोटाखाली एका रात्रीत सोळा माणसे गाडली गेली; त्यांपैकी नऊ शेर्पा होती. तंबूत, दोरावर, वादळात ही माणसे साहेबांची जिवलग. पण दार्जिलिंगला उतरल्यावर क्लबच्या खुर्चीवर त्यांना जागा नव्हती. मैत्री खरी होती यात मला शंका नाही. ती एका विशिष्ट उंचीच्या वरच फुलत असे, एवढेच.

१९४७ साली क्लबवर मोठेच संकट आले. बहुसंख्य सभासद इंग्रज. ते एकामागून एक मायदेशी परतले. आता संस्था गुंडाळावी की काय, अशी भाषा सुरू झाली. कर्नल टोबिन यांनी इंग्लंडातून जर्नलचे संपादन अंगावर घेतले, कलकत्त्यातील थोड्या मंडळींनी कारभार धरून ठेवला. तथापि पुढची पिढी तयार झाली ती तिसऱ्याच ठिकाणी, डेहराडूनला. १९३५ मध्ये तेथे निघालेल्या डून स्कूलमध्ये मार्टिन, गिब्सन, होल्ड्सवर्थ यांच्यासारखे डोंगरवेडे शिक्षक होते. होल्ड्सवर्थ तर १९३१ मध्ये कामेट शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांपैकी एक. सुटी लागली की हे शिक्षक मुलांना घेऊन गढवालच्या दऱ्याखोऱ्यांत शिरत. याच संगतीत गुरुदयालसिंग नावाचे तरुण शिक्षक आले. जून १९५१ मध्ये ते ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूळ शिखरावर रॉय ग्रीनवुड व दावा थोंडुप यांच्यासह पोहोचले, आणि शिखरावर त्यांनी योगासन केले. भारतीयांच्या हौशी गिर्यारोहणाचा आरंभ या दिवसापासून मानतात. ना सरकारी मोहीम, ना गाजावाजा; एक शाळामास्तर, एक इंग्रज सैनिक व एक शेर्पा. गुरुदयालसिंग २०२३ साली वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्याच सोबतचे, डून स्कूलचे विद्यार्थी नंदू जयाळ १९५४ मध्ये दार्जिलिंगला निघालेल्या हिमालय पर्वतारोहण संस्थेचे पहिले प्राचार्य झाले. तेन्झिंग तेथे प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख होते.

पुढे क्लबचे ठाणे मुंबईस हलले, आणि येथे आपला मुलूख या कथेत येतो. हिमालयापासून इतक्या दूर, समुद्राकाठी, हिमालयाचे जर्नल छापले जाऊ लागले. सोली मेहता व हरीश कपाडिया यांनी त्याचे संपादन दीर्घकाळ केले. वरकरणी हे विचित्र वाटते. परंतु सह्याद्रीत हिंडण्याची एक परंपरा तेथे आधीच रुजली होती. मुंबईत १९५४ साली 'गिरिविहार' ही संस्था निघाली. शनिवारच्या रात्री कचेरी आटोपून कर्जत-कसाऱ्याची गाडी धरावयाची, पहाटे गडाच्या पायथ्याशी उतरावयाचे, आणि सोमवारी पुन्हा हजेरीपटावर सही, हा कारकुनांचा व गिरणीतल्या तरुणांचा क्रम कॉर्बेटसाहेबांच्या महिन्याच्या रजेपेक्षा किती वेगळा! तरी त्यातूनच गिरिविहारने १९८८ मध्ये कांचनजंगेवर मोहीम नेली, आणि २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा गिर्यारोहक त्या शिखरावर पोहोचले. बाउअर मागे फिरला होता, तोच हा पर्वत.

जुने जर्नल परत करताना मी त्या तमिळ सहकाऱ्यांना म्हटले, की तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तुंगसुंगमध्ये सापडले. कारण साहेबांच्या क्लबाच्या जोडीला दार्जिलिंगात आणखी एक मंडळ होते, आणि ते या क्लबहून जुने. १९२० नंतरच्या काही वर्षांतच शेर्पांनी आपली एक बौद्ध संघटना काढली होती. आरंभी तिचे काम धार्मिक. सण, पूजा, कोणी गेले तर अंत्यविधी. नव्या मुलखात आपल्या भाषेत मंत्र म्हणणारे चार लोक जमावेत, एवढाच हेतू. तिचे रूप पुढे पालटले. डोंगरावर मरणाऱ्यांच्या विधवांचे काय, मजुरी कोणी ठरवावयाची, जखमीला भरपाई किती, हे प्रश्न तिच्यापुढे येऊ लागले. १९५३ च्या एव्हरेस्ट यशानंतर तेन्झिंग यांच्या अध्यक्षतेखाली शेर्पा गिर्यारोहकांची संघटना पुढे आली, आणि मोहिमांना माणसे पुरविण्याचे, त्यांच्या अटी ठरविण्याचे काम क्लबकडून हळूहळू तिच्याकडे गेले. जुन्या क्लबातील काही मंडळींना हे रुचले नाही, असे दिसते.

ते सहकारी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "त्या बौद्ध संघटनेची वर्गणी किती होती, ते लिहिले आहे का?" ते मला कोठे आढळले नव्हते. आम्ही जाखूला वळसा घालून माल रोडला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. पुढच्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या तमिळ संघमच्या बैठकीला नेले; तेथे दोन तास वर्गणीवरच वाद चालला होता.